माईंवरचं कापड

मास्तर, गेल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आवाज चढवून भांडले, आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला तेव्हा माईकशिवाय बोलले. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, हे तुम्हीच शिकवलेलं.

खरं तर मी नीट तयारीनं आले होते. काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, सगळं कागदावर लिहून आणलं होतं. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. सतरंज्या, पाण्याचं पिंप, मेणबत्त्या, तुमचा फोटो, सगळ्याची टिपणं होती. मास्तरांनी काय काय केलं, याचाही कागद होता आणि तो चांगला लांब होता. मग शेवटी मास्तरांनी काय केलं नाही, असं लिहायला घेतलं. तिथं एकच ओळ झाली. माईंवरचं कापड काढलं नाही.

तुम्हाला ते सांगायला नको, पण हे छापलं जाणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगते. आग्रा रोडवरून बस आपल्या वसाहतीकडे वळते तिथं एक चौथरा आहे. चौथऱ्यावर माईंचा अर्धपुतळा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलींसाठी शाळा काढणाऱ्या, शाळेत जाता-येता अंगावर शेण झेलणाऱ्या आणि म्हणून पिशवीत दुसरं लुगडं घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माई. पुरुषांचे पुतळे गावोगाव आहेत, आपल्याकडे एका बाईचा हवा, ही कल्पना तुमची. त्यासाठी समिती केलीत, स्वतः अध्यक्ष झालात, मला चिटणीस केलंत. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात. तुम्ही दारोदार वर्गणी मागत फिरलात. पुतळा टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून आला. चौथऱ्यावर चढवला, गोणपाट सोडायच्या आधीच तुम्ही वरून पांढरं कापड टाकायला लावलंत आणि दोरीनं बांधायला लावलंत. गोणपाट आतून खाली ओढून काढला. योग्य पाहुणा मिळाला की अनावरण, असं म्हणालात.

त्याला तीन पावसाळे झाले.

पोरांनी त्याचं नाव बोचकं ठेवलं. ‘बोचक्यापाशी थांब, मी आलेच,’ असं मुली एकमेकींना सांगायला लागल्या. पुढं तर कंडक्टरही ओरडायला लागला, ‘चला, बोचकंवाले उतरा!’ ज्या बाईनं मुलींना शाळेची वाट दाखवली, तिच्या चौथऱ्यापाशी आपल्या मुली शाळेच्या बससाठी उभ्या राहत होत्या आणि तिला बोचकं म्हणत होत्या. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. ‘नाव पडलं म्हणजे जागा रुजली,’ म्हणालात. मला तेव्हा हसू आलं नाही आणि अजूनही येत नाही.

पहिल्यांदा मंत्र्यांची तारीख मिळाली आणि निवडणूक लागली. दुसऱ्यांदा मिळाली आणि मंत्र्यांचं खातं बदललं. नव्या खात्यात पुतळे बसत नाहीत, असं त्यांच्या कचेरीतल्या माणसानं मला फोनवर सांगितलं. पहिल्या तारखेच्या वेळी आपल्या कच्च्या रस्त्यावर खडीचे दोन ढीग येऊन पडले होते. तारीख गेली, तसा एक ढीग कुणीतरी उचलून नेला. दुसऱ्यावर अजून शेळ्या चढतात.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर राग जास्त येतो. तुमच्या ओसरीवर बसून आपण किती वेळा तेच तेच बोललो.

‘सुलू, आपण सगळा जन्म त्यांच्या दारात गेलो. अर्ज घेऊन गेलो, मोर्चा घेऊन गेलो. एकदा त्यांनी आपल्या दारात यावं. गाडी थांबावी, माणूस खाली उतरावा, आपल्या चौथऱ्यापुढं वाकावा. पोरांनी ते बघावं.’

‘आणि तोवर?’

‘तोवर थांबू. आपल्याला थांबायची सवय आहे.’

‘ती मोडायलाच तुम्ही आम्हाला शाळेत घातलंत ना?’

‘वकील व्हायला पाहिजे होतीस तू. कारकून कुणी केलं तुला?’

‘तुम्हीच.’

यावर तुम्ही आत बायकोला, आमच्या काकूंना, चहा टाकायला सांगायचात. वाद हरत आला की चहा, हा तुमचा नियम होता.

कारकून तुम्हीच केलंत, हे मात्र खरं. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही आमच्या खोपटापुढं येऊन उभे राहिलात. आई म्हणाली, ‘मास्तर, ही शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघंल?’ तुम्ही म्हणालात, ‘त्यालाही पाठवा.’ आईला वाटलं थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात बसले, तो हजेरीपटावर मुतला, आणि तुम्ही पानं उन्हात वाळत घालून पाढे म्हणायला लावलेत. आईनं हे आयुष्यभर लोकांना सांगितलं. पुढं मॅट्रिकचा अर्ज तुम्ही भरलात, पंचायत समितीतल्या जागेची जाहिरात कापून तुम्ही आणून दिलीत. माझ्या नेमणुकीच्या दिवशी तुम्ही कचेरीच्या दाराशी उभे होतात, आत मात्र आला नाहीत. ‘इथून पुढं तू जा,’ म्हणालात. दर रविवारी विहारापुढं मुलींना गोळा करून मोठ्या माणसांची चरित्रं सांगायचात. कुठल्याही चरित्रात तुम्ही जन्मगाव आणि मृत्युदिन सांगत नव्हता. त्या माणसाला पहिल्यांदा ‘नाही’ कुणी म्हटलं आणि त्यानं पुढं काय केलं, तेवढंच सांगायचात. मी त्यातूनच घडले. म्हणून हे सगळं लिहिण्याचा हक्क मला आहे, असं मी समजते.

मग ती उन्हाळ्यातली सकाळ.

पाहुणे पिंपळगावकडं द्राक्षवाल्यांच्या कार्यक्रमाला निघालेत, वाटेत पाच मिनिटं थांबतील, असा निरोप दामूअण्णांनी आणला. दामूअण्णा आपल्या समितीचे खजिनदार. तालुक्याच्या राजकारणात त्यांची ऊठबस, म्हणून निरोप नेहमी तेच आणायचे. एका रात्रीत आपण सगळं उभं केलं. मांडव, माईक, हार, खुर्च्या. काकूंनी आणि बायकांनी लिंबाच्या सरबताचं पिंप भरलं, बर्फ घातला. तुम्ही ठेवणीतला कोट काढलात. त्या उन्हात कोट, मास्तर. हार हातावर घेऊन तुम्ही आग्रा रोडच्या कडेला उभे राहिलात, आणि मागं सगळी वसाहत.

आधी जीप गेली. मग पांढरी अँबॅसिडर आली. काच अर्धी खाली होती. आतून कुणीतरी हात जोडले. गाडी हळूसुद्धा झाली नाही. धूळ मात्र सगळी आपल्या अंगावर बसली.

तुम्ही हार तसाच धरून उभे होतात. म्हणालात, ‘घाईत असतील.’

‘मास्तर, आत्ता कापड काढू या. माणसं जमलीत, हार आहे, माईक आहे. सगळं आहे.’

‘पाहुणा नाही.’

‘एवढी माणसं उभी आहेत ना?’

‘ती आपली आहेत गं.’

ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. ती आपली आहेत. म्हणजे ती मोजायची नाहीत. ज्यांनी रोजंदारी बुडवून मांडव घातला, ज्यांनी धूळ खाल्ली, ती धरायची नाहीत. ज्यानं काच अर्धीच खाली केली, त्याची वाट बघायची. दुसरं कुणी हे बोललं असतं तर मी त्याला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही बोललात. आईला जे थट्टा वाटलं, ते ‘त्यालाही पाठवा’ म्हणणारे तुम्ही. तुम्हाला कधी कुणी परकं वाटलं नाही, आणि आपली माणसं मात्र तुम्हाला पुरेशी वाटली नाहीत.

तुम्ही सरबत वाटायला लावलंत. बर्फ वाया जायला नको, म्हणालात. मी प्यायले नाही. त्या दिवशी मी तुमच्याकडं चहालाही आले नाही, आणि नंतरही बरेच दिवस आले नाही.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. मी आले तेव्हा छातीवर हात ठेवून पडला होतात.

‘डॉक्टर म्हणतात, बोलायचं नाही. तू आलीस की मी बोलतो. माझं काही झालं तर खटला तुझ्यावर.’

‘भरू दे. वकील तुम्हीच व्हा.’

तुम्ही हसलात, मग खोकलात. मी ठरवून आले होते. म्हटलं, ‘मास्तर, अनावरण काकूंच्या हातून करू या. येत्या रविवारी. खुर्चीत बसवून तुम्हाला चौथऱ्यापाशी नेते.’

तुम्ही काकूंकडं पाहिलंत. त्या चुलीपाशी तुमच्यासाठी पेज ढवळत होत्या. येवल्याकडच्या काकू, लग्नात अक्षरशत्रू. तुम्ही रोज संध्याकाळी पाटी घेऊन त्यांना शिकवलंत, शेजारणी हसायच्या तरी शिकवलंत. आता त्या पेपर वाचून तुम्हाला ऐकवत होत्या. तुम्ही म्हणालात, ‘ही? ही तर घरचीच.’

मला राहवलं नाही. ‘माईसुद्धा कुणाच्या तरी घरच्याच होत्या, मास्तर.’

काकूंची पळी थांबली. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तिकडंच बघत म्हणालात, ‘बघू. तारीख येऊ दे.’

तुमच्या-माझ्यातलं शेवटचं वाक्य ते. तुमच्या ओठांवर दुसरं काहीतरी होतं का, हे मी स्वतःला विचारत बसते. ‘बरोबर आहे तुझं’ असं म्हणायचं होतं का? की चहा टाकायला सांगायचा होता? तुम्ही वाद अर्धा टाकून गेलात. हे तुम्ही कधीच करत नव्हता.

आता शोकसभा. विहारापुढच्या पटांगणात तुमचा फोटो, मेणबत्त्या, सगळी वसाहत. चार जण बोलले, चांगलं बोलले. मग दामूअण्णा उठले.

‘मास्तरांचं अपुरं राहिलेलं स्वप्न आपण पूर्ण करणार आहोत. मास्तरांच्या पहिल्या स्मृतिदिनी, मोठ्यात मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते, माईंच्या पुतळ्याचं अनावरण होईल. मी आश्वासन घेऊन आलोय.’

माना हलल्या. मी उभी राहिले, पुढं जाऊन माईक हातात घेतला.

‘अण्णा, म्हणजे अजून एक वर्ष?’

‘ताई, शोकसभा आहे.’

‘शोक मलाही आहे. एक वर्ष कशाला, ते सांगा.’

‘मास्तरांची अंतिम इच्छा होती ती.’

‘अंतिम बोलणं माझ्याशी झालंय. तारीख येऊ दे, म्हणाले. ही इच्छा नाही अण्णा, ही सवय. त्यांना लागली, आता आपल्याला लावताय.’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘बाई, खाली बसा!’

‘तुम्ही बसा आधी, म्हणजे मी दिसेन.’

तेव्हा माईक काढून घेतला. त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. गाडीची काच बोलले, खडीचा ढीग बोलले. तुमच्यावरही बोलले, तुमच्या फोटोकडं बोट करून. बायकांत कुजबुज झाली, मेलेल्या माणसाला अशी बोलते म्हणून. दामूअण्णा म्हणाले, ‘वहिनींसमोर तरी जरा भान ठेवा.’

तेव्हा काकू बोलल्या. बसल्या जागेवरूनच.

‘वहिनीला इचारणार हाय का कुनी?’

सगळे तिकडं वळले.

‘त्या कापडाचं एवढं काय घेऊन बसलात? लय वेळा काढलंय मी ते. दर महिन्याला काढते.’

दामूअण्णांना वाटलं, दुःखानं काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. ‘वहिनी, काय बोलताय?’

‘आता मळनार नाय का? पाखरं बसतात वर. पावसाळ्यात आतून बुरशी धरते. दोन कापडं केलीत. पहाटं पान्याला जाताना एक काढायचं, माईंचं तोंड पुसायचं, धुतलेलं बांधायचं. गाठी घट्ट असतात, म्हनून मास्तर बरुबर यायचे. गाठ सोडून द्यायचे अन् पाठ करून उभे ऱ्हायचे.’

‘पाठ करून?’ मी विचारलं.

‘म्हनायचे, पाहुण्याआधी मी कसा बघू. मी म्हनायची, बघा की, कोन बघतंय तुम्हाला? तर म्हने, झालं का, बांध लवकर.’

मास्तर, मी तोवर रागानं उभी होते. हे ऐकलं आणि खाली बसले. तीन पावसाळे तुमच्या पाठीमागं अनावरण होत होतं. ज्या बाईला तुम्ही स्वतः अक्षर ओळखायला शिकवलंत, ती बाई माईंचं तोंड पुसत होती, आणि तुम्ही रस्त्याकडं बघत उभे होतात. मान नुसती वळवायची होती. ते तुम्हाला जमलं नाही. हा राग मी कुणावर काढू? त्या अँबॅसिडरवाल्याला तर आपण कोण हेही ठाऊक नाही.

काकू उठल्या. कुणाची परवानगी मागितली नाही. पटांगणातून निघाल्या आणि चौथऱ्याकडं चालायला लागल्या, आणि सभा त्यांच्यामागून गेली. तुमचा फोटो मागं एकटाच राहिला. मला ते दिसलं, आणि खरं सांगते, मी त्या वेळी मागं वळले नाही.

दामूअण्णा बरोबरीनं चालत म्हणत होते, ‘वहिनी, निदान फोटोग्राफरला तरी बोलावतो.’

‘बोलव की. तवर मी गाठ सोडते.’

एकानं ब्लेड पुढं केलं. काकू म्हणाल्या, ‘नको. दोरी चांगली हाय.’ स्टुलावर चढल्या. गाठ सोडायला वेळ लागला, कारण या वेळी त्यांना सोडून द्यायला कुणी नव्हतं. मी खालून स्टूल धरलं होतं.

कापड खाली आलं. टाळ्या वाजल्या नाहीत. टाळी कधी वाजवायची हे पाहुणे बोलले की कळतं, आणि पाहुणे नव्हते. लोक नुसते बघत राहिले. मग एक म्हातारी पुढं झाली, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, ‘अगं बया, ही तर आपल्यासारखीच बाई हाय.’

काकू स्टुलावरूनच म्हणाल्या, ‘मग काय वाघीन असंल वाटलं?’

तुमच्या शोकसभेत लोक हसले, मास्तर. मीही हसले. मुली चौथऱ्यावर चढल्या, पदराच्या घड्यांवरून बोटं फिरवायला लागल्या, आणि कुणी त्यांना उतरवलं नाही.

चेहरा बरा झाला आहे. नाक थोडं बसकं आहे. एका भुवईचा रंग उडाला आहे, तो मी पुढच्या आठवड्यात लावून घेईन. नजर समोर आहे, बसथांब्याकडं. कारागिरानं काम चोख केलं, तुम्ही उगाच काळजी करत होता. हे सगळं मला तुम्हाला सांगावं लागतं आहे, जसं काही तुम्ही दूर कुठं राहत होता.

नवा अध्यक्ष निवडायची बैठक झाली. दामूअण्णांचं नाव आलं. बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं बैठकीला आल्या होत्या, त्यांनी काकूंचं नाव घेतलं. हात मोजायची वेळ आली नाही, दामूअण्णांनीच नाव मागं घेतलं. माणूस वाईट नाही तो, तोही तुमच्यासारखाच रस्त्याकडं बघत आला.

आणि काल पत्र आलं. मोठ्या पाहुण्यांच्या कचेरीतून, शिक्क्यासह. पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे, वेळसुद्धा दिली आहे. पत्राच्या वर तुमचं नाव आहे, तुमच्या जुन्या अर्जाचं उत्तर ते. मी ते तुमच्या ओसरीवर बसून काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी एवढंच विचारलं, ‘आता काय लिहायचं?’

मी उत्तर लिहिलं. आपले पत्र मिळाले. माईंच्या पुतळ्याचे अनावरण वसाहतीतील सर्व लोकांच्या उपस्थितीत झाले आहे. रस्ता मात्र झालेला नाही. त्यासाठी आपण कळवलेल्या तारखेस जरूर यावे, आम्ही घरीच आहोत.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘सुलू, फार उद्धट झालं हे, शेवटचं वाक्य काढ.’ मी काढलं नसतं, आणि तुम्ही सही केली नसतीत.

काकूंनी चष्मा लावला, पत्र एकदा स्वतः वाचलं, आणि ‘अध्यक्ष’ या शब्दाच्या वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर सुटं, तुम्ही पाटीवर काढून द्यायचात तसं. मग मला म्हणाल्या, ‘पाकीट दे इकडं. पोस्टात मीच टाकते.’